हाक ऐकू न येणाऱ्या पोरी

(लासुर्णे येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



उसाच्या या गावात टेनिसचं काय काढलंय, असं काही जणींना वाटेल. पण ज्या घरात ऐकू न येणारी मुलगी आहे, त्या घरासाठी मी बोलते आहे. पोरीला मागून गाडी आलेली कळायची नाही, हाक मारली तर ऐकू जायची नाही, म्हणून तिला उंबऱ्याच्या आत ठेवायचं. काळजी खरीच असते. पण बहिऱ्या पोराला सायकल मिळते आणि पोरीला मिळत नाही, हे कसं?

आंध्रातल्या कर्नूलची जाफरीन शेख कर्णबधिर आहे. २०१७ साली तुर्कस्तानातल्या सॅमसन इथल्या डेफलिंपिकमध्ये पृथ्वी शेखरबरोबर तिनं मिश्र दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं. कोरोनामुळे पुढे ढकललेली स्पर्धा २०२२ च्या मे महिन्यात ब्राझीलमध्ये झाली, तिथंही याच जोडीनं कांस्य आणलं. कर्णबधिरांच्या या जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसला सुरू झाल्या, आणि टेनिस तेव्हापासून त्यांत आहे.

आता जरा खेळाचं ऐका. चेंडू रॅकेटवर जोरात बसला की नुसता घासला, हे ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं आणि पाय आधीच हलतात. जाफरीनला हे सगळं डोळ्यांनी टिपावं लागतं. दुहेरीत ऐकणारे खेळाडू 'माझा, माझा' असं ओरडतात. इथं इशारे आधीच ठरवायचे आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं. कानातलं यंत्र सामन्यात चालत नाही. सगळ्यांनी काढून ठेवायचं, म्हणजे कुणाला जादा फायदा नको. ऐकणाऱ्यांमध्ये खेळायचं तर आणखी कठीण. तरी कोरियाच्या ली डक-ही यानं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलमला एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत सामना जिंकला. तोवर कुठल्याच कर्णबधिर खेळाडूला ते जमलं नव्हतं.

पदक मिळालं म्हणजे मान मिळालाच असं नाही. हरियाणाचा कर्णबधिर पैलवान वीरेंदर सिंग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पद्मश्री घेऊन दिल्लीत हरियाणा भवनासमोरच्या फुटपाथवर बसला होता. पॅरा खेळाडूंना राज्य जे देतं ते आम्हालाही द्या, एवढंच त्याचं म्हणणं. पैलवान माणसावर ही वेळ, तर पोरींचं काय, ते तुम्हीच ओळखा.

आणि कागदाची गंमत बघा. डेफलिंपिकला चांगल्या कानात ५५ डेसिबलची घट असली तरी खेळता येतं. आपला २०१६ चा अपंग हक्क कायदा मात्र दोन्ही कानांत ६० पासून मोजायला लागतो. मधली पोर जगाच्या मैदानावर कर्णबधिर, आणि गावात प्रमाणपत्राविना!

टेनिसचं मैदान आपल्याकडे उद्या होणार नाही, हे मलाही कळतं. पण कान तपासून प्रमाणपत्र काढता येतं. शाळेच्या मैदानावर शिट्टीबरोबर हातातलं निशाण वापरा, असं मास्तरांना सांगता येतं. त्याला खर्च नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. आणि मागायला जाताना त्या पोरीलाही बरोबर न्या.