गुप्तवार्ता आणि लोकसत्ता

दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या आगगाडींतून बेलापूर नांवाच्या स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाची थोडी फसगत होत आली आहे. पाटी बेलापूरची, परंतु बाहेरचें शहर श्रीरामपूर! खरें बेलापूर तेथून कांहीं मैलांवर, प्रवरेच्या कांठीं वसलें आहे. अर्थात् तेथें विचारपूस केली कीं कोणीहि वाट दाखवितो. राज्यकारभारांतहि अशा पाट्या असतात. गुप्तवार्ता खात्याची पाटी गृहमंत्र्यांच्या दारावर दिसते; परंतु त्या खात्यानें काय जाणलें, कोणास कळविलें आणि कळविल्यावर पुढें काय झालें, हें विचारावयास गेलेल्या नागरिकास वाट दाखविणारा कोणी भेटत नाहीं. लोकशाही राज्यांत हें विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्याचा दाखला शोधण्यास फार दूर जावयास नको. ह्याच लोहमार्गावर असलेल्या नगर शहरांत तो सांपडतो.

१९४७ सालाच्या अखेरीस नगरांत बॉम्बस्फोट झाले. नव्या वर्षाच्या आरंभीं पोलिसांस शस्त्रसाठा सांपडला आणि त्याचा धागा विष्णु करकरे या स्थानिक हॉटेल-चालकापर्यंत पोंचला. करकरे व निर्वासित तरुण मदनलाल पाहवा यांस स्थानबद्ध करण्याची कागदपत्रांची हालचाल सुरू झाली. परंतु हुकूम येईपर्यंत दोघांनींहि नगर सोडलें होतें. २० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत बिर्ला भवनांत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला व मदनलाल जागच्या जागीं पकडला गेला. त्याच्या जबानींत करकरे याचें नांव निघालें. पुढच्या चार-पांच दिवसांत पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाचाहि उल्लेख आला. त्या पत्राचा संपादक कोण, हें पुण्यांत गुपित नव्हतें.

दुसऱ्याच दिवशीं मुंबईंत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनीं मुख्य प्रधान बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांस भेटून मदनलालनें आपणांस पूर्वीं काय सांगितलें होतें, तें निवेदन केलें. मोरारजींनीं तें मुंबईच्या पोलीस अधिकाऱ्यास कळविलें. दिल्लीहून दोन अधिकारी मुंबईस आले आणि लौकरच परतले; त्यांनीं मुंबईस नेमकें काय सांगितलें, याविषयीं दोन्ही शहरांच्या पोलिसांचें पुढें कधींहि एकमत झालें नाहीं. पुण्याच्या गुप्त पोलीस शाखेचे प्रमुख त्या सुमारास दिल्लींत होते. जबानीची प्रत घेऊन ते अलाहाबादच्या वळणानें आगगाडीनें निघाले व २७ तारखेस मुंबईस पोंचले. त्याच दिवशीं नथुराम गोडसे व नारायण आपटे हे विमानानें मुंबईहून दिल्लीस गेले. ३० तारखेस काय घडलें, तें सर्व जगास ठाऊक आहे.

येथें कोणा एका अधिकाऱ्याच्या माथीं दोष मारून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यानें मुख्य गोष्ट सुटते. माहिती नगरांत होती, मुंबईंत होती, दिल्लींत होती. पण ती एकत्र आणण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्यास वेळींच जाब विचारणारें कोणी नव्हतें. मध्यवर्ती गुप्तवार्ता खात्याचे संचालक संजीवी हे त्या वेळीं दिल्लीच्या पोलीस दलाचेहि प्रमुख होते. म्हणजे बातमी गोळा करणारा आणि तिच्यावर कृति करणारा एकच. आपणच आपल्याला काय विचारणार?

१० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल देतांना न्यायमूर्ति आत्माचरण यांनीं २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांकडून झालेल्या ढिलाईवर ठपका ठेवला. परंतु न्यायालयाचें काम आरोपींचा न्याय करणें हें. खात्याची झडती घेणें हें नव्हे. तो प्रश्न तसाच पडून राहिला. १९६४ च्या नोव्हेंबरांत, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या सत्कारासाठीं पुण्यांत भरलेल्या समारंभांत, टिळकांचे दौहित्र ग. वि. केतकर यांनीं नथुरामचा बेत आपणांस आधींच ठाऊक होता, असें सांगितलें, आणि एकदम खळबळ उडाली. संसदेंत व महाराष्ट्राच्या विधिमंडळांत सभासदांनीं सरकारास धारेवर धरलें. १९६५ च्या मार्चमध्यें गोपाळ स्वरूप पाठक यांची चौकशीसाठीं नेमणूक झाली. ते मंत्री झाल्यावर १९६६ च्या नोव्हेंबरांत तें काम न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांच्याकडे आलें. त्यांनीं १०१ साक्षीदार तपासले व १९६९ सालीं अहवाल दिला. दिल्ली व मुंबई ह्या दोन्ही ठिकाणच्या तपासांतील उणिवा तेव्हां कुठें लोकांसमोर आल्या. तोंवर एकवीस वर्षें लोटलीं होतीं. संबंधितांपैकीं सरदार पटेल व बाळासाहेब खेर हे तर हयातहि नव्हते. हें सर्व घडलें तें एका समारंभांतील एका भाषणामुळें. तें भाषण झालें नसतें, तर?

शिवकालांत बहिर्जी नाईक यांची बातमी थेट महाराजांच्या कानीं जात असे. हेराचा धनी डोळस असला म्हणजे हेर चुकला तरी राज्य सांवरतें. लोकसत्तेंत धनी म्हणजे प्रजा, आणि प्रजेचे कान म्हणजे तिनें निवडून दिलेलें सभागृह. ह्या कानांपर्यंत आपल्याकडे कोणती वाट जाते? गुप्तवार्ता खात्याचें मूळ १८८७ सालचें. परदेशी हेरगिरीसाठीं निराळी संस्था रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखालीं सप्टेंबर १९६८ मध्यें, म्हणजे कपूर आयोगाचें काम चालू असतांनाच, निघाली. दोहोंपैकीं एकीसहि संसदेनें कायद्यानें जन्म दिलेला नाहीं. १९८५ सालीं झालेला कायदा ह्या संस्थांतील नोकरांचें भाषण व संघटन यांवर बंधनें घालतो. संस्थेच्या स्वतःच्या अधिकारांची सीमा मात्र आंखून देत नाहीं. २००५ च्या माहिती-अधिकाराच्या कायद्यांतून त्या बहुतांशीं वगळल्या आहेत. संसदेची गृहखात्याची स्थायी समिती आहे, परंतु हेरखात्यांसाठीं म्हणून वेगळी समिती नाहीं. २०११ सालीं मनीष तिवारी यांनीं अशा देखरेखीसाठीं खासगी विधेयक मांडलें; तें कायद्यांत उतरलें नाहीं.

यावर आक्षेप असा कीं, सभासदांस सांगितलेलें गुपित गुपित राहात नाहीं. आक्षेप पोकळ नाहीं. हेराचें नांव फुटलें तर त्याचा जीव जातो. परंतु अमेरिकेनें १९७६ व १९७७ सालीं आपल्या दोन्ही सभागृहांत अशा समित्या नेमल्या, आणि इंग्लंडनें १९९४ सालीं कायद्यानेंच तशी समिति स्थापिली. त्यांच्या बैठकी बहुधा बंद दाराआड होतात, सभासदांस गुप्ततेचें बंधन असतें, आणि प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांतून नाजूक भाग गाळला जातो. १९४८ च्या जानेवारींत ज्या दोन देशांत अशी व्यवस्था नव्हती, त्यांनीं ती पुढें चुकांतूनच शिकून उभी केली. गुपित काय, हें खात्यानें सांगूं नये. परंतु हातीं आलेली बातमी योग्य जागीं पोंचली कीं नाहीं, आणि प्रमुख कोणापाशीं जबाबदार आहे, एवढें तरी त्यास कोणी विचारलेंच पाहिजे. अशी विचारणा होणार आहे, ही जाणीवच पुष्कळदां कागद वेळींच पुढें सरकविते.

नगरहून निघालेला एक कागद वेळींच पोंचला असता तर काय झालें असतें, याचा हिशेब आतां मांडतां येणार नाहीं. परंतु पुढचा कागद वाटेंत अडला तर त्याची चौकशी व्हावयास एकवीस वर्षें लागूं नयेत, एवढी तजवीज आपल्या संसदेस करतां येईल. बेलापूरच्या स्थानकावर चुकलेल्या प्रवाशाला वाट दाखविणारा कोणीतरी असतो. दिल्लींतहि तो असला पाहिजे.