पहिल्या टप्प्याचा अर्थ


घरात कर्करोग बळावला की आप्तांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक नवी वार्ता तारक वाटू लागते. म्हणून पेशी-उपचारांच्या प्राथमिक चाचण्यांविषयी आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

रुग्णाच्याच गाठीतील लढाऊ पांढऱ्या पेशी काढून, वाढवून, त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष अमेरिकेतील डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. त्या पद्धतीच्या उपचाराला बळावलेल्या मेलॅनोमासाठी तेथे मान्यता मिळाली २०२४ साली! आपल्याकडे मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक केंद्रात सिद्ध झालेला उपचार २०२३ साली मान्य झाला, तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. घट्ट गाठीत या पेशींचा शिरकाव व टिकाव, दोन्ही दुष्कर.

पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न ‘रोग बरा होतो का?’ हा नसून ‘किती मात्रा निर्धोकपणे सोसते?’ हा असतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हा भेद समजून घ्यावा. नीतिसमितीची अनुमती, चाचणीची नोंदणी व इजा झाल्यास भरपाई यांविषयी निःसंकोच विचारावे. असा रुग्ण पुढील रुग्णांची वाट सुकर करतो. ते दान जाणतेपणी घडावे, इतकेच आमचे मागणे.