जपानी नांवें : अक्षर एक, उच्चार अनेक

देवनागरी वाचतां येणाऱ्या मनुष्याचें अपरिचित नांवापाशीं सहसा अडत नाहीं. जें लिहिलें असेल तें उच्चारलें कीं काम झालें. जपानांत तसें नाहीं. तेथील सुशिक्षित गृहस्थाच्या हातीं एखाद्याच्या नांवाचें कार्ड पडलें, तर त्यावरील प्रत्येक अक्षराचा अर्थ त्याला कळतो, आणि तरीही त्या माणसाला हांक कशी मारावी हें कळेलच असें नाहीं. ‘आपलें नांव कसें वाचावयाचें?’ असें विचारण्यांत तेथें कोणी अडाणीपणा मानीत नाहीं. उलट, चुकीचा उच्चार रेटणें हेंच असभ्य.

याचें मूळ लिपींत आहे. जपानी भाषा चिनी भाषेहून सर्वस्वी निराळी. पण लिपी आली चीनांतूनच. हीं अर्थवाहक चिन्हें, ज्यांना तेथें कांजी म्हणतात, आलीं तीं आपले चिनी उच्चार घेऊन. पुढें त्याच अर्थाचे देशी शब्दही त्यांना चिकटले. नांवांच्या बाबतींत तर मोकळीक याहूनही अधिक. ‘हिरोशी’ हें पुरुषाचें साधें नांव, पण तें लिहिण्याचे प्रकार कितीतरी. उलट, स्त्रीच्या नांवाचीं तींच दोन अक्षरें एका घरीं ‘यूको’, तर दुसऱ्या घरीं ‘हिरोको’ अशीं वाचलीं जातात. प्रसिद्ध लेखक किकुची कान यांचें खरें नांव हिरोशी. अक्षर तेंच राहिलें, उच्चार तेवढा पालटला.

अर्थावरून तर्क करूं जावें, तर तेथेंही फसगत होते. ‘इचिरो’ म्हणजे थोरला मुलगा, अशी सामान्य समजूत. परंतु बेसबॉलचा विख्यात खेळाडू इचिरो सुझुकी हा आईबापांचा दुसरा मुलगा! त्याच्या नांवांतील ‘रो’ हें अक्षर मुलगा या अर्थाचें नसून प्रसन्न, उजळ या अर्थाचें आहे. कानाला हा भेद कळावा कसा?

आडनांव आधीं व व्यक्तिनाम नंतर, ही तेथील रीत. सामान्य प्रजेला उघडपणें आडनांव लावण्याची मोकळीक १८७० मध्यें मिळाली, आणि १८७५ मध्यें तें सक्तीचेंच झालें. कित्येक आडनांवें शेताडोंगरांचीं आहेत. ‘ओनो’ हेंच पाहा. एका ओनोंतील पहिला स्वर ऱ्हस्व, त्याचा अर्थ लहान माळ. दुसऱ्यांतील दीर्घ, त्याचा अर्थ मोठा माळ. देवनागरींत ‘ओ’ एकच असल्यानें मराठी वाचकाला दोन्ही घराणीं एकच भासतात. रोमन लिपींतही दीर्घत्वाची खूण बहुधा गळते.

हा सारा पंडितांचा विनोद आहे असें कोणास वाटेल. परंतु २००७ सालीं जपानांत निवृत्तिवेतनाच्या सुमारें ५ कोटी नोंदी अशा निघाल्या, कीं त्या कोणाच्या हें निश्चित ठरेना. विवाहानें बदललेलीं आडनांवें, चुकलेल्या जन्मतारखा, अशीं कारणें अनेक होतीं. त्यांतच हेंही एक होतें. कागदी वह्यांतील कांजी नांवें संगणकांत चढवितांना त्यांना उच्चार द्यावे लागले, आणि कित्येकांना जो उच्चार मिळाला तो त्यांनीं जन्मांत कधीं ऐकला नव्हता. म्हाताऱ्या माणसानें कचेरींत आपलें खरें नांव सांगावें, आणि त्या नांवाची नोंदच सांपडूं नये! वर्षानुवर्षें भरलेले हप्ते असे परक्या नांवाखालीं पडून राहिले.

विशेष हें, कीं १८७२ पासून चालत आलेल्या कुटुंबनोंदणींत नांवाच्या उच्चाराची नोंद असलीच पाहिजे असा नियम नव्हता. अक्षरें कोणतीं वापरावीं यावर १९४८ पासून मर्यादा आहे. तीं वाचावीं कशीं, हें मात्र घराघरांवर सोपविलेलें होतें. २०२३ मध्यें कायदा दुरुस्त झाला आणि २६ मे २०२५ पासून उच्चाराची नोंद सुरू झाली. नगरकचेऱ्यांनीं घरोघर पत्रें धाडलीं: आपलें नांव आम्ही असें वाचतों, चूक असल्यास वर्षाच्या आंत कळवावें.