घाटावरची रीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमचे अब्बा बांगड्या विकायचे. वैनगंगेच्या अलीकडे सावली-मूलकडचे आठवडी बाजार, पलीकडे गडचिरोली-चामोर्शीकडचे. जिथे पूल होता तिथे बस होती, पण अब्बांची गावं पुलाजवळ नव्हती, घाटासमोर होती. खांद्यावर काचेच्या बांगड्यांची पेटी आणि पायाखाली डोंगा, असा त्यांचा अर्धा जन्म नदीवर गेला. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द झाली. अब्बांना ते बऱ्याच दिवसांनी कळलं. डोंग्याचं भाडं तेवढंच होतं ना!

शाळेला सुटी असली की मी सोबत असायचो. पहिल्याच दिवशी डोंगा काठाला लागला तसा मी चढायला धावलो. अब्बांनी मागून कॉलर धरली. ‘‘पहले उतरने दे, फिर चढना.’’ घाटाचा पहिला नियम मी असा शिकलो.

आमच्याकडे नावेला डोंगाच म्हणतात. पूर्वी एका खोडातून कोरलेले डोंगे असत, पुढे फळ्यांचे आले. चालवणारे बहुतेक ढिवर समाजाचे. मासेमारीही त्यांची आणि खेपाही त्यांच्याच. घाट म्हणजे काही बांधलेल्या पायऱ्या नव्हेत. दरड जिथे थोडी उतरती झाली आहे, पायाखाली चिखलाऐवजी रेती आहे, अशी चार-सहा हातांची जागा. तेवढ्या जागेत डोंगे लागणार, बैल पाणी पिणार, बाया धुणं धुणार, जाळी वाळणार आणि कुणाच्या घरचं तेराव्याचं आटोपून माणसं अंघोळीलाही उतरणार. जागा एक आणि धनी कुणीच नाही. अशा ठिकाणी भांडणं व्हायची नसतील तर रीत लागते.

ती रीत कुणी लिहिलेली नव्हती. पलीकडून भरलेला डोंगा येत असला की काठाचा रिकामा डोंगा बाजूला ओढायचा, कारण भरलेल्याला प्रवाहात थांबता येत नाही. आपलं सामान पाण्याच्या कडेला पसरायचं नाही. गाठोडी वर, झाडाखाली बांधून तयार ठेवायची, सुटे पैसे मुठीत धरायचे आणि पाळी आली की खाली यायचं. उतरल्यावर तिथेच बिडी पेटवत उभं राहायचं नाही. वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही. दुसऱ्याचा डोंगा हलवावा लागला तर काम झाल्यावर होता त्याच खुंटाला, तशीच गाठ मारून बांधायचा. आणि नदी चढू लागली, तर घाटावर जो कोणी असेल त्याने सगळ्यांचे डोंगे वर ओढायचे, भावकीत वैर असलेल्याचासुद्धा. धुणं खालच्या अंगाला, प्यायचं पाणी वरच्या अंगाला, हीसुद्धा एक रीत. मात्र याच वरच्या-खालच्या अंगाच्या नावाने काही माणसांना पाण्यापासून लांब ठेवलेलंही मी पाहिलं आहे. तेव्हा जुनी ती सगळी रीत चांगली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डोंग्यात कोण कुठे बसेल हे डोंगेवाला ठरवी. जड माणसं मधे, पेटी मधे, मुलं आईच्या पायाशी. मधेच उभं राहायचं नाही. अब्बा बसले की नूह पैगंबरांनी नावेत म्हटलेली दुआ पुटपुटत. डोंगेवाला ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावी. दोघांचं होईपर्यंत दोघेही थांबत. मग बांबू रेतीत रुतवून डोंगा ढकलायचा.

इंग्रजांनी 1878 साली नावघाटांसाठी एक कायदा केला होता, तो आपल्या मध्य प्रांतालाही लागू होता. घाटाचा ठेका लिलावाने द्यावा, दराचा तक्ता लोकांच्या भाषेत घाटावर ठळक जागी लावावा, असं त्यात होतं. चांगलंच आहे. पण आधी उतरणाऱ्याला वाट द्यावी, हे तक्त्यावर लिहून लोक वागले असते असं मला वाटत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण!

आता ‘घाट’ म्हटलं की लोकांना रेतीघाट आठवतो आणि लिलाव म्हटलं की रेतीचा. ट्रॅक्टर थेट पात्रात उतरतात. जिथे काल गुडघाभर पाणी होतं, तिथे रेती उपसल्यामुळे आज माणूस बुडेल एवढा खड्डा असतो. पावसाळ्यात वर गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की पाणी चढतं आणि घाटाची जागाच बदलते. नदीचा तळ पायाला पाठ असलेल्या डोंगेवाल्यालाही आता बांबू टाकून बघावं लागतं.

जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. त्या घटनेचा न्याय करायला मी बसलेलो नाही. पण ती बातमी वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. मागे राहायची रीत कुणाला परवडते? रोजीवर जाणारी बाई दुसऱ्या खेपेसाठी थांबली तर शेतात उशिरा पोहोचते. उशीर झाला की रोजी कापली जाते, कधी कामच दुसरीला मिळतं. घाटावर घाई दिसते ती पायांची असते, पण तिचा दोर पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतमालकाच्या हातात असतो. डोंग्याला उशीर झाला म्हणून रोजी कापणार नाही, एवढं त्याने आदल्या दिवशीच सांगून टाकलं, तर काठावरच्या बाया निवांत बसतील. लाइफ जॅकेट पाहिजेच, पूल तर पाहिजेच. पण हे सांगायला निधी मंजूर व्हावा लागत नाही.

हे सगळं मी मोठ्या तोंडाने सांगतो आहे खरा, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. नदीपलीकडच्या एका गावात कविसंमेलन होतं आणि पत्रिकेत पहिल्यांदाच माझं नाव छापलं होतं. हिवाळ्याचे दिवस, घाटावर पोहोचेस्तोवर सूर्य बुडाला. डोंगा भरलेला होता. डोंगेवाल्याने हात केला, ‘‘झाले गा. परतून येतो.’’

मी म्हणालो, ‘‘मामा, एकच माणूस आहे. कार्यक्रम आहे माझा.’’ पत्रिकासुद्धा काढून दाखवली. ती त्याला वाचता येत नव्हती, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात कडेला बसलेली एक म्हातारी गाठोडं घेऊन उठली. ‘‘मी थांबतो. जाऊ दे त्याले. शिकलेलं पोरगं हाय.’’ आणि ती पाण्यात पाय टाकून काठावर गेलीसुद्धा. मी तिच्या जागेवर बसलो. नको म्हणायला पाहिजे होतं, ते म्हटलं नाही.

नदीभर कुणी बोललं नाही. पलीकडे उतरल्यावर मी पैसे पुढे केले. डोंगेवाल्याने ते घेतले नाहीत.

‘‘राहू दे. तुह्या जागेचं भाडं बुढीनं देल्लं.’’

त्याने कंदील पेटवून डोंग्याच्या टोकाला ठेवला आणि तिला आणायला अंधारात परत निघाला. मी दरड चढून मंडपात गेलो. तिथे अजून सतरंज्या टाकणं चालू होतं.