थंडी बाधते का?

(हिवाळी शिबिरापूर्वीच्या पालक बैठकीत एका डॉक्टर कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शिबिराची तारीख जाहीर झाली की मातृवर्गाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पहाटेच्या गारठ्यात मुले आजारी पडली तर? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

सर्दी होते ती विषाणूमुळे. विषाणूच नसेल तर नुसत्या गारठ्याने ती होत नाही. इंग्लंडमधील सॅलिसबरी येथे १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ सर्दीवर संशोधन चालले. तेथील स्वयंसेवकांना (आपल्या अर्थाचे नव्हेत!) ओल्या अंगाने वाऱ्यात उभे करूनही सर्दीचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. पुष्कळांनी विषय तेथेच संपवला.

परंतु २००५ साली कार्डिफ विद्यापीठाच्या प्रयोगात ९० जणांनी वीस मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवले, तर अन्य ९० जणांनी रिकाम्या भांड्यात ठेवले. पुढील काही दिवसांत पहिल्या गटातील १३ आणि दुसऱ्यातील केवळ ५ जणांनी सर्दीची लक्षणे नोंदवली. नोंदी त्यांच्या स्वतःच्याच होत्या, हेही सांगितले पाहिजे. पुढे २०१५ साली येल विद्यापीठात उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर काम झाले. सर्दीच्या विषाणूविरुद्धचा त्यांचा प्रतिकार ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना दुबळा आढळला. थंड हवेत आपल्या नाकाचा अंतर्भाग साधारण तेवढाच असतो. म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. थंडी रोग आणत नाही. दबा धरून बसलेल्या रोगाला संधी देते.

चरकसंहितेत तर हेमंतात जाठराग्नी प्रबळ होतो असे म्हटले आहे आणि अभ्यंग, ऊन व उबदार वस्त्रे सांगितली आहेत. विषाणूशास्त्र त्यात आधीच होते, असा दावा मी करणार नाही. तशी गरजही नाही.

माझी खरी चिंता पहाटेच्या मैदानाची नाही, रात्रीच्या निवासाची आहे. थंडी वाजू नये म्हणून साठ मुलांच्या दालनाच्या सर्व खिडक्या आपण लावून घेतो आणि एकाची शिंक साऱ्यांना वाटतो! या वर्षी समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या राहतील. म्हणून पांघरूण एक जास्त द्यावे. घामाने ओली झालेली बनियन बदलण्यासाठी दुसरी द्यावी.

प्रभात शाखेतील ज्येष्ठांनाही एक विनंती. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर यावे; त्यात कमीपणा मानू नये.

आणि निघण्याच्या दिवशी ज्याला ताप असेल त्याला घरीच ठेवावे. शुल्क परत मिळेल.