हँडल बसलं, म्हणजे झालं?

इतवारीत ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना तिथल्या गल्ल्या सांगायला नकोत. एका बाजूला हातठेला, दुसऱ्या बाजूला पोती उतरवणारा टेम्पो, आणि मधल्या फटीतून दुचाकी काढायची. अशा वेळी हँडल जरा अरुंद असतं तर बरं, असं कुणालाही वाटतं.

माझ्या धाकट्या भावालाही वाटलं. मी तेव्हा गॅरेजात काम शिकत होतो. तो सायकलचं सरळ हँडल घेऊन आला. म्हणाला, "दादा, मोटारसायकलला लावून दे ना. दोनचार बोल्ट तर खोलाचे आहेत."

मी माप घेतलं. मुठीपाशी दोन्ही नळ्या सारख्याच, २२ मिलिमीटर. कारखान्याच्या भाषेत सात सूत. सायकलची पुष्कळ हँडलं मध्यभागी एक इंच जाड असतात, ती मोटारसायकलच्या क्लॅम्पमध्ये जातच नाहीत. याचं गेलं. बोल्ट आवळताना पातळ नळी किंचित दबली. मला ते दिसलं होतं. तरी गाडी त्याच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी समोर हातठेला आला. त्यानं करकचून ब्रेक दाबला, अंगाचा भार हातांवर आला आणि हँडल क्लॅम्पमध्येच पुढे फिरलं. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात पूर्वीसारखा वळत नाही. तो मला कधी बोलला नाही. म्हणूनच आज बोलतो आहे.

चूक मापाची नव्हती, भाराची होती. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरा, वेग ताशी २० किलोमीटर. मोटारसायकल आणि स्वार १८० किलो, वेग ६०. वजन दुप्पट, वेग तिप्पट. पण वेगाचा वर्ग होतो, म्हणून थांबवायची ऊर्जा अठरापट! १९७२ साली आलेल्या लुनाला सायकलसारखे पायडल होते, पण इंजिन अवघं ५० सीसीचं. सायकलशी नातं तिथवरच शोभतं.

आता माझ्याकडे पोरं येतात. "काका, बरोबर बसून राहिलं ना!" म्हणतात. मी सांगतो, बदलायचंच तर त्या गाडीसाठी बनवलेलं हँडल घ्या. बसवल्यावर गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज वाढला, वायर ताणली किंवा मूठ टाकीला लागली, तर गाडी रस्त्यावर काढू नका. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

एवढं ऐकूनही एखादा हट्ट धरतोच. मग मी भावाला हाक मारतो. तो चहाचा कप डाव्या हातात धरून येतो. पुढे काही सांगावं लागत नाही.