ठिणगीच्या आधीची साधना

(तेरखेडा, जि. धाराशिव येथे नवोदित लेखकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्यापैकी अनेकांची अडचण एकच आहे : 'लिहावेसे वाटते, पण सुचत नाही.' याचे उत्तर शोधण्यास तेरखेड्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. हे गाव शोभेच्या दारूकामासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. आकाशात उमलणारे प्रकाशाचे फूल क्षणभराचे. त्यामागे मोजूनमापून दारू भरणाऱ्या, वात बसवणाऱ्या हातांचे कष्ट मात्र कित्येक दिवसांचे असतात. नळी रिकामी असेल तर ठिणगी पडूनही काय उपयोग? स्फूर्तीचेही तसेच आहे. आपण ठिणगीची वाट पाहत बसतो आणि नळी भरावयाची विसरतो.

स्वातंत्र्यवीर सावरकर 1911 साली अंदमानात पोहोचले, ते पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन. काव्यलेखनासाठी कागद नाही, लेखणी नाही. दिवसभर काथ्या कुटणे आणि कोलू फिरवणे. 'सुचत नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरल्या आणि त्या मुखोद्गत केल्या. भिंतीला चुना फासला गेला. स्मृतीला कोण फासणार? 'कमला' हे काव्य त्याच कोठडीत आकारास आले. तेथे प्रेरणा होतीच. पण तिला तगवले ते नित्य पाठांतराच्या शिस्तीने.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील. तेरचे संत गोरोबाकाका मडकी घडवीत आणि अभंगही रचीत. त्यांनी चाक सोडून काव्याची आराधना केली नाही. हातातील काम आणि मुखातील नाम एकत्र नांदले, म्हणून त्यांच्या शब्दाला मातीचा ओलावा आला.

मग आपण नळीत काय भरावे? हा जिल्हा निजामी राजवटीत होता. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. येथे मुक्तीची पहाट 17 सप्टेंबर 1948 रोजी उगवली. त्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भयाने गावे कशी जागली, कोणी कोणाला आश्रय दिला, हे पाहिलेली तेव्हाची दहा वर्षांची मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. एकेक वृद्ध जातो आणि एकेक न लिहिलेला ग्रंथ सरणावर चढतो. अशा वेळी 'विषय सुचत नाही' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून आज घरी गेल्यावर आजोबा-आजींजवळ बसा. एक प्रश्न विचारा आणि मिळालेले उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. ऐकीव ते ऐकीव म्हणून नोंदवा, त्यात पदरची भर घालू नका. उद्या पुन्हा एक पान लिहा. रोज ठरलेल्या वेळी, चांगले होवो वा वाईट, पान पूर्ण केल्याशिवाय उठू नका. ठिणगी केव्हा पडेल हे आपल्या हाती नाही. ती पडेल तेव्हा नळी भरलेली असावी, एवढे मात्र निश्चित आपल्या हाती आहे.